पंगतीत नाव विचारत नाहीत

रवि उठत का नाही, याचं कारण दानम्माला सापडलं होतं, आणि ते डॉक्टरांच्या कुठल्याच मशीनमध्ये दिसणारं नव्हतं. पोराच्या गळ्यात लिंग नव्हतं.

डोक्याचा फोटो काढायला आत नेताना दवाखान्यातल्या पोरींनी त्याच्या गळ्यातला दोरा कापला आणि चांदीच्या डबीसकट इष्टलिंग काढून घेतलं. लिंगायताच्या रीतीनं बारशाच्याही आधी स्वामींनी बांधलेलं ते लिंग. चौतीस वर्षांत कधी अंगावेगळं झालं नव्हतं. आंघोळीत नाही, तापात नाही, विहिरीत पोहायला शिकला तेव्हासुद्धा नाही. "लिंग उतरलं की माणूस मेल्यात जमा," असं दानम्माची सासू म्हणायची. ती बाई बाकी कशातही चुकली असेल, धर्मात कधी चुकली नाही. मग पोरगं उठेल कसं?

"मी सांगते ते ऐका," दानम्मा नवऱ्याला म्हणाली. "नुसतं लिंग बांधा. उठून बसतंय का न्हाई बघा."

गुंडप्पा काही बोलले नाहीत. मांजरसुंब्याच्या चौकात पंप आणि पाइपांचं दुकान चालवणारा हा माणूस गिऱ्हाइकाशीही मोजकंच बोलायचा. रवि दुकानात पाइप उतरवता उतरवता डोकं धरून खाली बसला, तेव्हापासून तर त्यांची जीभ टाळूलाच चिकटली होती. बीडच्या त्या दवाखान्याच्या मागं लिंबाखाली सिमेंटचा कट्टा होता. तिथं ते टोपी मांडीवर ठेवून बसले होते आणि टोपीकडंच बघत होते.

दानम्माचा खरा राग सुनेवर होता. सकाळी डॉक्टर सुनिता मॅडमनी घरच्यांना आत बोलावून घेतलं होतं. बाई चांगली होती, आवाज चढवत नव्हती, खुर्ची देऊन बोलायची. म्हणाली, मेंदूतली नस फुटलीय आणि मेंदू मेलाय. चार डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलंय. छाती हलते ती मशीनमुळं. काळीज अजून चालतंय, पण तेही फार चालणार नाही. आणि मग तिनं तो दुसरा विषय काढला. तुम्ही हो म्हणालात तर त्याला संभाजीनगरला नेता येईल. त्याचं हृदय, त्याची मूत्रपिंडं, त्याचं यकृत दुसऱ्यांच्या कामी येईल. मरणाच्या दारात बसलेली माणसं घरी जातील.

कोणी श्वाससुद्धा घेतला नव्हता, तेवढ्यात रुचिका म्हणाली, "हो. द्या."

बस्स, तेव्हापासून दानम्मा सुनेशी एक शब्द बोलली नव्हती. पोराचा श्वास चालू आहे आणि हिनं वाटणी लावली! लातूरकडची शिकलेली पोरगी म्हणून घरात कौतुक झालं होतं. ते शिक्षण हे असं फळाला आलं.

उमापूरहून नणंद आली तेव्हा दानम्माला बळ चढलं. महानंदा गुंडप्पांची धाकटी बहीण, घराण्यातली सोवळ्याची सगळ्यात कडक बाई. महानंदाची नात आरोही, तिच्या दीक्षेच्या जेवणात वाढण्यावरून दोघींचं वाजलं होतं आणि तेव्हापासून त्या एकमेकींना फोनसुद्धा करत नव्हत्या. पण आज महानंदा रिक्षातून उतरली ती थेट भावजयीच्या गळ्यात पडली, आणि दीक्षेचं जेवण दोघींनीही डोक्यातून काढून टाकलं.

"वयनी, लिंग कुठाय त्याचं?" डोळे पुसता पुसता महानंदानं हेच पहिलं विचारलं.

"बघा! हिला कळलं," दानम्मा नवऱ्याकडं वळून म्हणाली. "मी सकाळपास्नं तेच म्हणतीय."

मग लिंगाचा शोध सुरू झाला. दवाखान्यातली पोरगी म्हणाली, आम्ही पेशंटच्या मिसेसकडं दिलंय. रुचिका आत रविच्या पलंगापाशी होती. तिला बाहेर बोलावलं. ती आली. डोळे कोरडे, केस कसेतरी बांधलेले.

"त्याचं लिंग दे," दानम्मा म्हणाली. सकाळपासूनचं हे पहिलं बोलणं.

रुचिकानं पदर सारला. गळ्यातून दोरा वर ओढला. तिची स्वतःची डबी बाहेर आली, आणि तिच्यामागून दुसरी डबी, कापलेल्या दोऱ्याला गाठ मारून गळ्यात घातलेली.

"शिवा शिवा!" महानंदा दोन पावलं मागं सरली. "एका अंगावर दोन लिंगं! अगं, तुला कोणी शिकवलं का न्हाई काही? ज्याचं त्याच्याच अंगावर असतंय. जितेपणी त्याच्याच गळ्यात, आन् मेल्यावर त्याच्याच तळहातावर समाधीत. दुसऱ्याच्या गळ्यात जातंय का कधी?"

"म्हणून उठंना त्यो," दानम्मा म्हणाली. "कावून घातलंस गळ्यात? बोल ना! कावून?"

रुचिका खाली बघत होती. मग म्हणाली, "प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलतं त्यांनी. हातात घेतलं तर गार लागलं, आत्याबाई. तुमीच म्हणता ना, लिंगाला अंगाची ऊब लागती. म्हटलं, ते उठोस्तर माझ्या अंगावर राहू द्यावं. गार पडलं तर ते उठायचे न्हाईत, असं वाटलं."

सकाळी 'द्या' म्हणणाऱ्या पोरीनं इतके दिवस नवऱ्याचं लिंग छातीशी धरून ऊब दिली होती. हे गणित दानम्माला जमेना आणि तिनं ते तिथंच सोडून दिलं. आधी लिंग बांधायचं होतं.

लिंबागणेशहून सिद्धलिंग स्वामी एस. टी. नं आले. रविचं लिंगधारण याच स्वामींच्या वडिलांनी केलेलं. हातात पिशवी, पिशवीत विभूती, नवा दोरा आणि पाण्याची तांब्याची लोटी. मॅडमला विचारलं तर तिनं अडवलं नाही. "दोघंच आत जा, फार वेळ थांबू नका," एवढंच म्हणाली.

आत थंडी होती आणि मशीन श्वास ओढत होतं, सोडत होतं. रविच्या तोंडात नळी. पोरगा फिकट नव्हता, हेच वाईट. गालावर रंग होता. दानम्मानं कपाळ चाचपलं, कोमट लागलं. मेलेला माणूस कोमट असतो का कधी?

स्वामींनी हात धुतले, रविच्या कपाळावर विभूतीची तीन बोटं ओढली, तोंडातल्या तोंडात मंत्र म्हटले. डबी उघडून लिंग दानम्माच्या हातात दिलं. "पूजेला बसल्यावानी ठेवा," ते म्हणाले.

तिनं लेकाचा डावा हात उलगडला. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी याच तळहातावर लिंग ठेवून तो बसायचा, आणि ती चहा गार होतोय म्हणून ओरडायची. आता तिनं स्वतः ठेवलं. बरोबर मधोमध.

"रवि, हे बघ तुझं. बघ ना, राजा."

आणि बोटं वळली.

हळूहळू, पण वळली. लिंगाभोवती मूठ झाली.

"मायो!" दानम्मा किंचाळली. "स्वामी! धरलं त्यानं! धरलं बघा!"

स्वामींच्या हातातली लोटी हिंदकळली. दानम्मा दाराकडं धावली, काचेतून हातवारे केले, बाहेर महानंदाला कळलं, महानंदाकडून कट्ट्यावर कळलं. गुंडप्पा उभे राहिले. टोपी खाली पडली, ती उचलायचं भान त्यांना नव्हतं. महानंदानं तिथूनच उमापूरला फोन लावला. "अगं, उठला गं! लिंग हातात देताच मूठ वळली! शिवानं ऐकलं!" उमापूरहून ते अर्ध्या तालुक्यात गेलं. रडणाऱ्या माणसांचे हसण्याचे आवाज फोनमधून बाहेर ऐकू येत होते.

रुचिका भिंतीला टेकून उभी होती. ती पण हसली. दानम्मानं ते काचेतून बघितलं. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडावर पहिल्यांदाच जीव दिसला.

सुनिता मॅडम धावतच आली. बघितलं, डोळ्यांत बॅटरी मारली, काही तपासलं. मग दानम्माला बाजूच्या खुर्चीवर बसवून म्हणाली, "मावशी, मला माहीत आहे तुम्हाला काय वाटतंय. पण हे डोक्यातून होत नाही. तळहाताला काही लागलं की पाठीच्या कण्यातून बोटं वळतात. त्याला काही समजत नाही."

"कण्याला लिंग कळतंय का?" दानम्मा ताडकन म्हणाली. "त्यानं वळखलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं मी. तुमच्या मशीनला काय ठावं, आमच्यात लिंग काय असतंय ते?"

मॅडमनी वाद घातला नाही. "थोडा वेळ बसा त्याच्याजवळ," म्हणाली आणि गेली. स्वामीही बाहेर गेले.

दानम्मा बसली. सुखानं बसली, खरं सांगायचं तर. लेकाची मूठ आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसली. पण ती दुकानदाराची बायको होती. गुंडप्पा जेवायला गेले की गल्ल्यावर तीच बसायची, आणि कितीही ओळखीच्या माणसानं पाचशेची नोट दिली तरी उजेडात धरून बघितल्याशिवाय आत टाकत नसायची. ही सवय काही दवाखान्याबाहेर चपलांसोबत ठेवून येता येत नाही. मॅडम खोटी ठरली पाहिजे, एवढंच तिच्या मनात होतं.

तिनं रविची बोटं हलकेच उलगडली आणि लिंग काढून डबीत ठेवलं. मग कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. दुकानाच्या, गोदामाच्या, कपाटाच्या किल्ल्या, गंजक्या, तेलकट. लिंगाला लागलेल्या हातानं रवि असल्या वस्तूला शिवत नसे. आधी हात धुवायचा. आता हा धरणार नाही. बघाच तुम्ही.

तिनं जुडगा तळहातावर ठेवला.

बोटं वळली. हळूहळू, तशीच. किल्ल्यांभोवती मूठ झाली.

दानम्मा बघत राहिली. किल्ल्या काढल्या. पलंगावरचा कापसाचा बोळा उचलून ठेवला. मूठ झाली. शेवटी तिनं स्वतःचं बोट त्याच्या तळहातावर टेकवलं. लेकाच्या बोटांनी ते धरलं. पाळण्यात असताना धरायचा अगदी तसं, घट्टही नाही आणि सैलही नाही.

आता तिला माहीत होतं. तरी तिला बोट सोडवून घ्यायला लई वेळ लागला.

बाहेर आल्यावर तिनं कुणाकडं बघितलं नाही. गुंडप्पांसमोर उभी राहिली. "न्हाई हो," म्हणाली. "आत कोणी न्हाई. किल्ल्या धरल्या त्यानं. किल्ल्या आन् लिंग एकच त्याला."

गुंडप्पांनी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही. ते खाली बसले. दानम्मा त्यांच्या शेजारी बसली, आणि तिथं लिंबाखाली, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, ती रडली. मोठ्यानं रडली. आशा मेली की माणूस मेल्यापेक्षा जास्त रडू येतं, कारण माणूस निदान समोर असतो.

महानंदाला हे पटत नव्हतं. तिनं सगळ्या उमापूरला फोन केले होते! "वयनी, असं काय करती? आशा सोडू ने. शिवाच्या मनात आलं तर..."

"मी बघितलं, महानंदा."

"काय बघितलं? म्हंजी आता सुनेच्या नादानं कापायला द्यायचं का पोराला?" महानंदाचा स्वर फिरला. सकाळची गळामिठी दुपारपर्यंतही टिकली नाही. "अगं, पुढल्या जन्मी बिनकाळजाचा जन्माला यील त्यो! मग?"

तेव्हा गुंडप्पा बोलले. कितीतरी दिवसांनी बोलले, म्हणून आवाज खरखरीत आला.

"आपल्यात पुढला जन्म कुठाय, महानंदे?"

"अं?"

"लिंगायताला पुढला जन्म न्हाई. माणूस शिवात मिळाला, संपलं. तूच सांगती सगळ्यांना. मंग कोण बिनकाळजाचं जन्मणार हाय?"

महानंदा तोंड उघडं ठेवून भावाकडं बघत राहिली. दादा तिच्याविरुद्ध जन्मात कधी बोलला नव्हता.

दानम्मानं डोळे पुसले आणि स्वामींकडं वळली. "स्वामी, तुमी सांगा. काळीज काढलेला देह समाधीत चालतो का?"

सिद्धलिंग स्वामी घुटमळले. सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी शास्त्र सांगणार. "माय," ते म्हणाले, "माझ्या बापानं मला समाधीचं माप शिकवलं, मंत्र शिकवले. हे न्हाई शिकवलं. खोटं कशाला बोलू? देह बसता पाहिजे, तळहातावर लिंग पाहिजे, कपाळाला विभूती पाहिजे. एवढं मला ठावं हाय. आतलं कोणी उघडून बघितलेलं न्हाई आजपोतर."

"आन् आतला शिव?"

"त्यो काळजाच्या मांसात ऱ्हातो असं म्हणलं, तर ज्याचं काळीज बंद पडलं त्याच्यातला शिव बी मेला म्हणावं लागंल. तसं तर कोणी म्हणत न्हाई."

दानम्मा उठली, रुचिकापाशी गेली. सून अजून भिंतीला टेकूनच होती. मघाचं हसू पुसून गेलं होतं.

"सकाळी तू येवढ्या घाईनं हो कावून म्हणलीस?"

"घाई न्हाई, आत्याबाई." रुचिका म्हणाली. "थांबले असते ना, तर तोंडातून निघालंच नसतं. त्यांचं सगळंच बंद पडावं, काहीच उरू ने, हे मला सहन होईना. थोडं तरी कुठं चालू ऱ्हावं. एवढंच."

"म्हंजी तुला बी आशाच होती."

"होती."

दानम्मानं हातातली डबी सुनेच्या गळ्यात घातली, दोरा नीट केला, पदराखाली सारली. "समाधीपोतर तुझ्याच अंगावर ऱ्हाऊ दे. गार पडाय नको." महानंदानं ते बघितलं आणि तोंड फिरवलं, पण शिवा शिवा काही म्हणाली नाही.

मग सगळे मॅडमच्या खोलीत गेले. दानम्मानं पहिला प्रश्न विचारला, "नंतर बसवता येईल का त्याला? आमच्यात मांडी घालून बसवतात."

"येईल. नीट टाके घालून, पुसून, कपडे घालून तुमच्या ताब्यात देतील. चेहऱ्याला काही होणार नाही."

"आन् कोणाला देणार?"

"ते सांगता येत नाही, मावशी. यादीतला नंबर आणि रक्तगट जुळेल त्याला. नाव-गाव तुम्हाला कळणार नाही, त्यांनाही तुमचं कळणार नाही. तसा नियमच आहे."

दानम्माचा चेहरा उतरला. "नाव नका सांगू. पण शाकाहारी माणूस बघा. एवढं तरी करा. माझ्या लेकानं अंड्याला हात लावला न्हाई. त्याचं काळीज मटण खाणाराच्या अंगात टाकणार का तुमी?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली. महानंदाला पुन्हा जोर आला. "बघ! हेच म्हणतीय मी. कोणाचं कुठं जाईल, काय नेम? वयनी, न्हाई म्हण अजून."

आणि खरोखर दानम्मा न्हाई म्हणायच्या बेतात होती. ओठांवर आलं होतं. एवढं सगळं पचवलं, आणि इथं येऊन ती अडली. तिला डोळ्यांसमोर पक्वान्नं सोडून साधी भाकर आणि पेंडपाल्याची भाजी खाणारा रवि दिसत होता, आणि दुसऱ्याच्या ताटातली हाडं दिसत होती.

"शिवरातीच्या दुसऱ्या दिशी," गुंडप्पा म्हणाले, "आपण चौकात दासोह करतो, येईल त्याला पंगतीत जेवू घालतो."

सगळे त्यांच्याकडं बघू लागले. एका दिवसात हा माणूस दुसऱ्यांदा बोलत होता.

"ट्रकवाले येतात. पलीकडच्या धाब्यावर काय काय खाऊन येतात, ते तुला ठावं हाय. मागल्या साली त्या हरियाणाच्या ड्रायव्हरला तू गव्हाची खीर वाढली. त्यो बस म्हणला तरी वाढली. इचारलं का त्याला, कोण रे तू? काल काय खाल्लं?"

"पंगतीत कोण इचारतं का?" दानम्मा म्हणाली. "पंगतीत बसलेल्याला नाव इचारलं तर दासोह बाटतो."

बोलून गेली, आणि स्वतःचंच बोलणं तिच्या कानावर पडलं.

गेल्या साली तिच्यासोबत रविही वाढायला होता. खांद्यावर पंचा, हातात खिरीची बादली, आणि वाढताना मान खाली. गुंडप्पांनी त्याला लहानपणीच सांगितलेलं, वाढताना खाणाराच्या तोंडाकडं बघायचं नाही, ताटाकडं बघायचं. दान देणारा वर बघतो. दासोह करणारानं खाली बघायचं, कारण त्यात आपलं काही नसतं. शिवाचं शिवाला द्यायचं, आपण नुसतं पळी धरणारे.

"मॅडम," दानम्मा म्हणाली, "तुमी त्याला दान म्हणता."

"अवयवदान, हो."

"दान म्हणू नका. माझं नावच दानम्मा हाय, तरी म्हणते, म्हणू नका. दासोह म्हणा."

"कागदावर दान असंच छापलेलं आहे, मावशी."

"कागदावर ऱ्हाऊ द्या. मी तोंडानं दासोह म्हणन." तिनं रुचिकाचा हात धरून पुढं केला. "सही हिची लागती ना? कर गं बाई सही."

रुचिकानं सही केली. अक्षर नीट आलं. गुंडप्पांनी खाली केली. महानंदा कोपऱ्यात उभी राहून पदरानं तोंड दाबून रडत होती. तिला फोन करून पुन्हा सगळ्या उमापूरला सांगायचं होतं, आणि काय सांगायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. थोड्या वेळानं तिनं फोन काढला आणि बाहेर गेली. व्हरांड्यातून तिचा आवाज येत होता. "न्हाई गं. न्हाई उठला. चुकलं माझं... ऐक आधी. मी सांगते ते ऐक."

उन्हं उतरायच्या आत संभाजीनगरला न्यायची गाडी दवाखान्याच्या दाराशी लागली. मशीन, बाटल्या, नळ्या, सगळ्यासकट रविला बाहेर आणलं. मांजरसुंब्याचे शेजारी आले होते, बाजूच्या वॉर्डातली अनोळखी माणसंही हात जोडून उभी राहिली. स्वामींनी रविच्या कपाळावरची विभूती पुन्हा ओढली. रुचिका गाडीत पुढं चढली. गुंडप्पांना दुसऱ्या गाडीत बसवलं.

दानम्मा मागच्या दारापाशी थांबली. लेकाच्या छातीवर चादर होती, आणि चादर वरखाली होत होती. तिनं हात ठेवला. खाली धडधड लागत होती, नेमानं. ती पाव मिनिट तशीच उभी राहिली, मग हात काढला आणि सुनिता मॅडमला बाजूला घेतलं.

"तुमी नाव सांगू नका. मी इचारत न्हाई. पण त्या माणसाला एक निरोप पोचवाल का?"

"नियमात बसेल तसा पोचवीन, मावशी. सांगा."

"म्हणावं, नव्या जागी गेलं की त्याला पहिल्या रातीला झोप लागत न्हाई. मामाच्या गावी गेला तरी न्हाई, पुण्याला हॉस्टेलात ठेवला तेव्हा बी न्हाई. रातीला उगं धडधडत ऱ्हातो." दानम्माच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, पण ती पुसत नव्हती. "तर घाबरू नका म्हणावं. छातीवर नुसता हात ठेवा. निजतो त्यो."